सही कुठे, कशाने आणि कशावर: प्रदर्शनाआधीच्या दोन गठ्ठ्यांचं प्रकरण

या प्रकरणातल्या चित्रकार कोल्हापूरच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसारखंच मीही त्यांना बाई म्हणतो. पुण्यात माझा लहानसा प्रिंट स्टुडिओ आहे. चित्रकारांची चित्रं स्कॅन करून कॉटनच्या कागदावर पिगमेंट शाईने (रंगाचे न विरघळणारे कण असलेल्या शाईने) छापून देणं हे रोजचं काम. मागच्या खोलीत हाताने फिरवायचा प्रेस आहे, त्यावर एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरलेल्या चित्राचे ठसे) आणि लिनो (लिनोलियमच्या मऊ पट्टीवर कोरलेल्या चित्राचे ठसे) निघतात. बाईंच्या परवानगीने हे लिहितो आहे, नाव मात्र देत नाही.

पुण्यात त्यांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि विक्रीला दोन प्रकारचे प्रिंट होते. एक गठ्ठा त्या कोल्हापूरहून घेऊन आल्या: पंचगंगेच्या घाटावर म्हैस घासणारा माणूस, चार रंगांतला लिनोकट. दुसरा गठ्ठा माझ्याकडे छापून तयार होता: त्यांच्या जलरंगांचे डिजिटल प्रिंट. रंकाळा, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, गुलालात न्हालेला जोतिबाचा डोंगर. गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "सही चित्रात करू का खालच्या कोऱ्या पट्टीत? पेन्सिलनं का पेननं? आणि नंबर सगळ्यांवर घालायचा का?"

हा प्रश्न अनेक चित्रकार विचारतात आणि त्यांना हवं असतं एका ओळीचं उत्तर: खाली उजवीकडे, पेन्सिलने. बाईंच्या बाबतीत ते उत्तर पुरेसं नव्हतं, कारण दोन्ही गठ्ठ्यांवर सारखीच सही, सारख्याच जागी, सारखाच आकडा घातला असता तर उद्या एखाद्याच्या भिंतीवर लिनोकट कुठला आणि छापील प्रतिकृती कुठली हे सहीवरून कळलंच नसतं. लिनोकटची किंमत 5,500 रुपये होती, ए3 आकाराच्या डिजिटल प्रिंटची 1,800. विकणाऱ्याला हा फरक माहीत असतो, पहिल्या गिऱ्हाइकालाही सांगितला जातो. पण तीस वर्षांनी त्या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हातात फक्त कागद असेल. तिला जे समजायला हवं ते कागदावरच लिहिलेलं असावं, या मताचा मी आहे आणि सगळे निर्णय आम्ही त्याच कसोटीवर घेतले.

आधी लिनोकट. बाईंनी तो एकाच ठोकळ्यावर केला होता. या पद्धतीत आधी फक्त पांढरे राहायचे भाग कोरायचे आणि सगळ्या कागदांवर फिकट रंग छापून घ्यायचा. मग तोच लिनो आणखी कोरायचा, दुसरा रंग चढवायचा. चौथ्या रंगापर्यंत पोचता पोचता लिनोचा बहुतेक भाग कापला गेलेला असतो आणि पहिला रंग पुन्हा छापणं अशक्य होतं. म्हणजे आवृत्ती किती प्रतींची हे चित्रकाराने कागदावर लिहिण्याआधीच लिनोने ठरवलेलं असतं. बाईंनी 34 कागदांवर सुरुवात केली होती. त्यातल्या 24 प्रती स्वच्छ होत्या. 3 प्रतींत पाण्याचा निळा इतरांपेक्षा गडद होता, पण त्या बाईंना मनापासून आवडत होत्या. उरलेल्या 7 बाद: कुठे म्हशीच्या शिंगाशी पिवळी कड डोकावत होती, कुठे रोलरची रेघ आभाळावर उमटली होती.

या बाद प्रती नातेवाइकांना द्यायच्या असं बाईंच्या मनात होतं. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला, चांगला जाड. फाडायला जीव होत नव्हता. मी म्हटलं, द्या, पण त्यावर सही नको. सही केलेली प्रत घराबाहेर पडली की ती चित्रकाराने पसंत केलेली प्रत असते. ती कोणाला कशी दिली हे कोणी विचारत बसत नाही. शेवटी त्या सात कागदांचा उपयोग आम्ही पेन्सिली आणि पेनं तपासायला केला आणि मग ते मधोमध कापले.

तपासणी खरंच करण्यासारखी असते. हातकागदाच्या खरखरीत पोतावर एचबी अडखळत होती आणि दाब दिला की कागदात चर पडत होता. 4बी छान काळी उमटली, पण तळहात लागताच पसरली. 2बी बरोबर बसली. बाईंची सही देवनागरीत आहे. अक्षरं आधी सलग येतात आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका झटक्यात, आडनावाच्या पुढे थोडी निघून जाते. टोक बोथट झालं की ती रेघ जाड होऊन अक्षरांवर बसते, म्हणून दर तीन-चार सह्यांनंतर त्या ब्लेडने पेन्सिल तासत होत्या. टेबलावर काच, तळहाताखाली कोरा कागद, झालेली प्रत लगेच बाजूला. सगळ्या सह्या एकाच बैठकीत केल्या. पहिल्या दोन-तीन जरा अवघडलेल्या आल्या, पुढे हात सैल झाला.

पेन्सिलच का, हेही बाईंनी विचारलं. ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही, कागदात पसरत नाही, पाण्याने फुटत नाही. त्याला किंचित चकाकी असते आणि त्याचा दाब कागदावर उमटतो, त्यामुळे प्रत तिरकी धरली की हाताने केलेली सही छापलेल्या सहीपासून वेगळी ओळखता येते. खोडरबराने खोडता येईल ही शंका बरोबर आहे, पण खोडताना कागदाचे तंतू उचलले जातात आणि तिरप्या उजेडात ती जागा दिसते.

या रिवाजामागचं कारण मला आजही तितकंच खरं वाटतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक मुद्राचित्रकार, म्हणजे प्लेटवर किंवा ठोकळ्यावर कोरून चित्रं छापणारे, आपलं नाव प्लेटमध्येच कोरत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं 'एडी' हे आद्याक्षरांचं चिन्ह असंच प्लेटमधून किंवा ठोकळ्यातून छापून येई. पण जे कोरता येतं त्याची नक्कलही कोरता येते: इटलीच्या मार्कान्तोनिओ रायमोंदीने ड्यूररच्या वुडकटांच्या (लाकडी ठोकळ्यावरून छापलेल्या चित्रांच्या) नकला तांब्यावर कोरल्या, त्या 'एडी'सकट. पुढे फोटोवरून यांत्रिक पद्धतीने चित्रं छापता येऊ लागली, आणि त्याच काळात, 1880 च्या दशकात, व्हिसलर आणि सीमोर हेडन या मुद्राचित्रकारांनी प्रत्येक प्रतीवर पेन्सिलने सही करण्याचा पायंडा पाडला. व्हिसलर तर कागद चित्राच्या कडेपर्यंत कापून टाके आणि खाली फक्त एक छोटी जीभ ठेवी, तिच्यावर त्याचं फुलपाखराचं चिन्ह पेन्सिलने काढलेलं असे. यंत्राने काढलेल्या प्रतींच्या गर्दीत चित्रकाराच्या हाताखालून गेलेली प्रत कुठली, हे त्या सहीने सांगायचं होतं. आज माझ्या स्टुडिओत शाईचं यंत्र आणि हातप्रेस एका भिंतीच्या अंतरावर आहेत, तेव्हा ते सांगण्याची गरज वाढलीच आहे.

लिनोकटवर मग रूढ मांडणीच केली. चित्राच्या लगेच खाली डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. 1/24 ते 24/24. गडद निळ्याच्या तीन प्रतींवर क्रमांकाऐवजी 'आर्टिस्ट प्रूफ' (चित्रकाराने आवृत्तीबाहेर स्वतःकडे ठेवलेली प्रत) आणि 1/3, 2/3, 3/3. अशा प्रती साधारण आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायची पद्धत आहे. चोवीसला तीन म्हणजे थोड्या जास्त, पण तेवढ्या चालतात. 1960 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय कला परिषदेत मूळ मुद्राचित्रावर सही, आवृत्तीची एकूण संख्या आणि प्रतीचा क्रमांक असावा असं ठरलं होतं, आणि जगभर साधारण तेच पाळलं जातं. एका गिऱ्हाइकाने प्रदर्शनात विचारलं की 1/24 ला जास्त किंमत का नाही. लिनोत पहिली आणि चोविसावी प्रत सारखीच असते, आणि क्रमांक छापण्याच्या क्रमाने घातलेले असतीलच असंही नाही.

डिजिटल प्रिंटवर मात्र आमची बरीच चर्चा झाली, आणि ती तिघांत होती, कारण गॅलरीकडून विक्री पाहणारे गृहस्थही बसले होते. त्यांचं म्हणणं, "याच्यावरपण पेन्सिलनं 1/100 घाला. मर्यादित म्हटलं की गिऱ्हाईक लवकर ठरवतं." ए3 च्या शंभर, ए2 च्या पन्नास, ए1 च्या पंचवीस, अशा वेगवेगळ्या आवृत्त्या त्यांनी सुचवल्या. मला हे मान्य नव्हतं आणि मी ते स्पष्ट सांगितलं. फाइल झिजत नाही. तिन्ही आकार मिळून एकाच चित्राच्या पावणेदोनशे प्रती होतात आणि 1/25 घेणाऱ्याला वाटतं की जगात पंचवीसच आहेत. शिवाय पेन्सिलची सही आणि तिरकी रेघ घातलेला आकडा हा हाताने छापलेल्या मुद्राचित्राचा ओळखीचा वेश आहे. तो डिजिटल प्रिंटवर चढवला की न बोलता चुकीचं सांगितलं जातं.

कस्टम्सची दरसूचीसुद्धा हा भेद करते. तिच्या 97 व्या प्रकरणात मूळ एनग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ म्हणजे चित्रकाराने संपूर्णपणे हाताने तयार केलेल्या प्लेटवरून थेट काढलेले ठसे अशी व्याख्या आहे, आणि यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक प्रक्रिया त्यातून वगळल्या आहेत. बाईंचा लिनोकट त्या व्याख्येत बसतो, जोतिबाचा डिजिटल प्रिंट बसत नाही. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने दोन्ही मागवले तेव्हा बिलावर दोघांचं वर्णन वेगळं लिहावं लागलं. कागदावरही ते वेगळं असलं तर बिल लिहिताना विचार करावा लागत नाही.

यात प्रतिकृतीला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या रविवर्मा प्रेसचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांसारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं, आठवा. मूळ तैलचित्रावरून लिथोच्या (छपाईच्या) दगडांवर कारागिरांनी रंगवार काम केलेलं, सही चित्रातच छापून आलेली, खालच्या पट्टीत प्रेसचं नाव. त्यावर कोणाची पेन्सिल चालली नव्हती आणि कोणी आकडाही घातला नव्हता. तरी त्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे घरोघरी देवघरात लागल्या आणि आज जुने ओलिओग्राफ लोक जपून गोळा करतात. ते काय आहेत हे त्यांच्या खालच्या पट्टीतच छापलेलं असतं. बाईंच्या डिजिटल प्रिंटसाठी मला तोच नमुना योग्य वाटला.

म्हणून फाइलमध्येच, चित्राखाली डावीकडे, बारीक अक्षरांत एक ओळ टाकली: 'मूळ जलरंग 2021. पिगमेंट प्रिंट 2024.' ती छापूनच येते, त्यामुळे पुसता येत नाही, आणि चित्राचं साल व छपाईचं साल यांत गोंधळ होत नाही. मूळ जलरंगात बाईंची सही कोपऱ्यात होतीच. ती चित्राचा भाग म्हणून तशीच ठेवली. फाइलमधून ती पुसून टाकायची सूचना आली होती, पण मला ती पटली नाही, कारण प्रतिकृतीने मूळ चित्र जसं आहे तसं दाखवावं. हाताची सही खालच्या पट्टीत उजवीकडे, पिगमेंट शाईच्या 0.3 मिलिमीटरच्या पेनने. आकडा नाही. ए4 आणि ए3 या खुल्या आवृत्त्या, म्हणजे प्रतींच्या संख्येला मर्यादा नाही.

जोतिबाच्या चित्रावर बाई अडल्या. "हे चित्र माझ्यासाठी वेगळं आहे, ते कॅलेंडरसारखं कितीही छापू नका." हा चित्रकाराचा अधिकार आहे, त्यात माझ्या पसंतीचा प्रश्न येत नाही. मग त्यापुरती मर्यादा ठरली: सगळे आकार मिळून 40 प्रती, पुढे एकही नाही. आणि ती तिरक्या रेघेच्या आकड्याने न लिहिता शब्दांत लिहिली: 'क्रमांक 7, सर्व आकार मिळून 40.' ही मांडणी बाईंना सुचली आणि ती मला इतकी पटली की आता इतरांनाही मी तीच सुचवतो.

पेनची निवड करताना जुनं काम समोर होतं. माझ्याकडे येण्याआधी एका दिवाळी प्रदर्शनात बाईंनी चकचकीत फोटो कागदावरचे ए4 प्रिंट विकले होते. त्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून त्यांनी साध्या काळ्या मार्करने सह्या केल्या. सांगलीच्या एका गिऱ्हाइकाने वर्षभराने फोटो पाठवला: शिरोरेघेच्या दोन्ही बाजूंना पिवळसर कड पसरलेली. मार्करमधल्या द्रावकाने असं होतं. बॉलपेनची गत वेगळी. त्याची शाई बहुधा विरघळणाऱ्या रंगाची (डायची) असते आणि उन्हात उडते. नव्या प्रिंटला मॅट कॉटन कागदच वापरायचं ठरवलं, छपाईनंतर प्रती एक दिवस उघड्या ठेवल्या आणि मगच पेन लावलं. या कागदावर वरून पातळ लेप असतो. पेन दाबून चालवलं की निबेला लेपाची पूड चिकटते, म्हणून हलक्या हाताने.

सही इंग्रजीत करा, परदेशी गिऱ्हाइकांना वाचता येईल, असंही सुचवलं गेलं. याला मी ठाम विरोध केला. बाईंची तीस-चाळीस वर्षांची चित्रं देवनागरी सहीची आहेत. प्रिंटवरची सही त्यांच्याशी जुळली तरच तिचा उपयोग. नवी, सराव नसलेली रोमन सही दर प्रतीवर वेगळी येईल आणि नक्कल करायला सोपी जाईल. हुसेन यांच्या किती तरी कॅनव्हासवर देवनागरीत सही आहे. गायतोंडे चित्राच्या पुढच्या बाजूला बहुधा काही लिहीत नसत. त्यांची सही कॅनव्हासच्या मागे, बहुतेकदा देवनागरीतही, सापडते, आणि त्यामुळे लिलावात कुठे अडल्याचं दिसत नाही. ज्याला नाव वाचायचं आहे त्याच्यासाठी सोबतच्या प्रमाणपत्रावर ते दोन्ही लिपींत छापलं.

सगळ्यात गंभीर मुद्दा मात्र शेवटी निघाला. प्रदर्शनानंतर बाई लेकीच्या बाळंतपणासाठी काही महिने बंगळुरूला जाणार होत्या. मागणी आली तर काय करायचं? विक्री पाहणाऱ्यांनी सहज सुचवलं, "कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवा, आम्ही लागतील तसे छापून घेऊ." त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता, सोय एवढाच विचार होता. पण मी त्या कामाला माझं यंत्र देणार नाही असं सांगितलं, आणि स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची गोष्ट सांगितली. 1974 मध्ये अँडोराच्या सीमेवर फ्रेंच अधिकाऱ्यांनी एक गाडी अडवली, तिच्यात दालीच्या सहीचे सुमारे 40,000 कोरे कागद होते. त्यानंतर त्याच्या उत्तरकाळातल्या प्रिंटांवरचा बाजाराचा विश्वास उडाला तो आजतागायत नीट परत आलेला नाही. सही खरी असली तरी वरचं चित्र खरं आहे का, हा प्रश्न उरतोच.

बाईंना हे दालीपेक्षाही एका साध्या अनुभवाने पटलं. त्याच दिवशी रंकाळ्याच्या दोन प्रिंटांत आभाळावर आडवे पट्टे दिसले. यंत्राच्या शाईची एक बारीक वाट बुजली की असं होतं. दुरून दिसत नाही. बाईंनी प्रत खिडकीपाशी नेली तेव्हा त्यांना दिसलं. सही आधीच करून ठेवली असती तर त्या दोन प्रती बाईंच्या नावाने कोणाच्या तरी घरी गेल्या असत्या. "मी बघितल्याशिवाय कशी सही करू?" असं त्या स्वतःच म्हणाल्या. मग प्रत्येक चित्राच्या दहा प्रती आधीच छापल्या, त्यांनी तपासल्या, सह्या केल्या. त्या संपल्या की पुढच्या गिऱ्हाइकाने थांबायचं किंवा सहीविना प्रत कमी किमतीत घ्यायची. लोक थांबले.

फ्रेमवाल्याशीही बोलावं लागलं. तो सवयीने माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) चित्राच्या कडेला चिकटवून कापतो आणि सही माउंटखाली जाते. लिनोकटसाठी तिन्ही बाजूंनी एक सेंटिमीटर आणि खाली दोन सेंटिमीटर मोकळी ठेवायला सांगितली, म्हणजे क्रमांक, शीर्षक आणि सही दिसते. कॉपीराइटबद्दल एकाने विचारलं, सही केलेला प्रिंट घेतला म्हणजे तो छापायचा हक्क मिळतो का. नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, सही असो वा नसो, आणि चित्रकाराच्या हयातीत व नंतर साठ वर्षं टिकतो.

एक गाठ राहिली ती जुन्या दिवाळी प्रिंटांची. त्यांवर बाईंनी आठवणीने आकडे घातले होते, खाली 50, नोंदवही नव्हती. सांगलीचा फोटो आल्यावर पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाचीही प्रत पाहिली, तर दोघांकडे 11/50. जुन्या प्रतीवर खाडाखोड करायची नाही हे आम्ही ठरवलं, कारण खाडाखोडीने प्रत संशयास्पद होते आणि मूळ घोळ तसाच राहतो. ज्यांचे पत्ते सापडले त्या सगळ्यांना बाईंनी हाताने पत्र लिहिलं: आवृत्ती इथेच बंद केली आहे, हे चित्र या आकारात पुन्हा छापलं जाणार नाही, आणि 11 हा क्रमांक दोन प्रतींवर पडला आहे. सांगलीच्या गिऱ्हाइकाने मार्कर पसरलेली प्रत परत करून नव्या कागदावरची प्रत मागितली. ती दिली आणि जुनी रद्द केली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पत्र प्रिंटच्या मागे पाकिटात लावून घेतलं. आता बाईंकडे नोंदवही आहे: चित्र, आकार, क्रमांक, तारीख, कोणाला दिली.

सध्या बाई ड्रायपॉइंट, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर सुईने थेट ओरखडून काढलेली मुद्राचित्रं, करताहेत. त्यात सुईने तांब्यावर उठलेली कड प्रत्येक छपाईगणिक दबत जाते आणि रेघेचा मखमली काळेपणा कमी होतो, म्हणून इथे पहिल्या प्रती खरोखर वेगळ्या असतात. त्यांनी आवृत्ती पंधराची ठेवली आहे, क्रमांक छापण्याच्या क्रमानेच घालायचे ठरवलं आहे, आणि प्रेसमधून प्रत निघाली की मागे लगेच बारीक पेन्सिलने तो टिपून ठेवतात. समोरची सही कागद पूर्ण वाळल्यावर.